उष्णता कुठं साठते, किती साठते? विशिष्ट उष्माधारकतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेचा धडा सुरू झाला की मुलं जे विचारतात, आणि पालकसभेला आलेले आई-वडील जाता जाता जे विचारतात, ते सगळं इथं एकत्र केलंय. उदाहरणं आपल्याच भागातली आहेत: बंब, बीडाचा तवा, गुऱ्हाळ, स्लॅबचं घर, गोकाकचा धबधबा. हा धडा वहीत उतरवण्यापेक्षा स्वयंपाकघरात आणि परड्यात जास्त कळतो, असं माझं ठाम मत आहे.

विशिष्ट उष्माधारकता म्हणजे नेमकं काय?

एखाद्या पदार्थाच्या एक ग्रॅमचं तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढवायला जेवढी उष्णता लागते, ती त्या पदार्थाची विशिष्ट उष्माधारकता. पाण्याला ही उष्णता ४.१८६ ज्यूल लागते, म्हणजेच एक कॅलरी. लोखंडाला ०.४५ ज्यूलच पुरते. म्हणजे ज्या उष्णतेत एक किलो पाणी जेमतेम एक अंशानं तापेल, त्याच उष्णतेत एक किलो लोखंड नऊ अंशांहून जास्त तापतं. काही पुस्तकांत 'विशिष्ट उष्णता' असा शब्द असतो, काहींत 'विशिष्ट उष्मा'. तिन्ही एकच.

ही कल्पना स्पष्टपणे पहिल्यांदा मांडली ती स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी, १७६० च्या सुमारास. त्याआधी उष्णता आणि तापमान यांची गल्लत मोठमोठ्या विद्वानांचीही व्हायची. तेव्हा तुमची झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

उष्णता आणि तापमान वेगळं कसं? गरम म्हणजे गरमच ना?

चुलीतली ठिणगी हातावर उडाली तर चटका बसतो, पण क्षणभरच. ठिणगीचं तापमान कित्येक शे अंश असतं. उकळत्या आदणाचं तापमान शंभराच्याही आतच, पण ते आदण पायावर सांडलं तर दवाखाना गाठावा लागतो. ठिणगीचं तापमान जास्त, तरी तिच्याजवळ द्यायला उष्णता फारशी नाही, कारण तिचं वजनच नगण्य. आदणाजवळ उष्णता भरपूर.

किती उष्णता साठली हे तीन गोष्टींवर ठरतं: वस्तूचं वजन किती, पदार्थ कोणता, आणि तापमान किती अंशांनी वाढलं. तिघांचा गुणाकार केला की उष्णता मिळते. या पानावरचं जवळजवळ प्रत्येक उत्तर या एका गुणाकारातून निघतं, आणि जिथं निघत नाही तिथं का निघत नाही, हेही बघायचंय.

नेहमीच्या पदार्थांचे आकडे किती?

एका ग्रॅमला एका अंशासाठी लागणारे ज्यूल असे: पाणी ४.१८६, दूध साधारण ३.९, खाद्यतेल २ च्या आसपास, बर्फ २.१, हवा १, ॲल्युमिनियम ०.९०, काँक्रीट ०.८८, वीट आणि काच ०.८४, वाळू ०.८, लोखंड ०.४५, तांबं ०.३८५, पितळ ०.३८, चांदी ०.२३५, शिसं आणि सोनं ०.१३.

सगळे पाठ करू नका. पाणी चारच्या वर, दगड-माती-वीट पाऊण ते एकच्या दरम्यान, ॲल्युमिनियम सोडलं तर घरातले बहुतेक धातू अर्ध्याच्या खाली, एवढं ध्यानात राहिलं तरी बाकीचं अंदाजानं येतं.

हे घरी किंवा शाळेत करून बघता येतं का?

येतं, आणि करूनच बघा. आमच्या शाळेत मी हा प्रयोग उद्यमबागेतल्या कारखान्यातून एका पालकांनी आणून दिलेल्या नट-बोल्टांवर करते. २०० ग्रॅम बोल्ट मोजून दोऱ्यात ओवायचे आणि उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे. बेळगाव भाग समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच असल्यामुळं इथं पाणी १०० ला उकळत नाही, साधारण साडेसत्त्याण्णवला उकळतं. आपण ९७ धरू. थर्मासच्या झाकणात किंवा कापडात गुंडाळलेल्या पेल्यात २०० ग्रॅम पाणी घ्यायचं, तापमान समजा २५ अंश.

बोल्ट टाकण्याआधी मी वर्गाला विचारते, आता किती होईल? पहिल्या बाकावरचे हात लगेच वर होतात. "बाई, एकसष्ट येणार की! ९७ आणि २५ ची सरासरी." सगळा वर्ग माना डोलावतो. मग दोरा धरून बोल्ट झटकायचे, पाण्यात सोडायचे, हलक्या हातानं ढवळायचं. एकजण थर्मामीटरवर डोळा लावून आकडे ओरडत असतो: सव्वीस, अठ्ठावीस, तीस, एकतीस... आणि पारा तिथंच थांबतो. वर्गात एकदम शांतता. "बाई, थर्मामीटर बिघडलाय."

थर्मामीटर ठीक असतो. हिशेब असा: बोल्टांची धारकता २०० × ०.४५ म्हणजे अंशामागं ९० ज्यूल. पाण्याची २०० × ४.१८ म्हणजे ८३६ ज्यूल. बोल्टांनी ६५ अंश गमावले तेव्हा पाण्याला ७ अंश मिळाले, आणि दोघे ३२ वर भेटले. प्रत्यक्षात थोडं कमी येतं, कारण थोडी उष्णता पेला आणि हवा घेऊन जातात. एकसष्ट कधी येईल? बोल्टांच्या जागी ९७ अंशांचं २०० ग्रॅम पाणी ओतलंत तर.

उकळत्या पाण्याजवळ मोठं माणूस असल्याशिवाय मुलांनी हे करू नये.

पाण्यालाच एवढी उष्णता का लागते?

पाण्याचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. उष्णता दिली की तिच्यातला काही भाग रेणूंची धावपळ वाढवण्यात जातो, आणि मोठा भाग हे बंध सैल करण्यात, तोडण्यात खर्च होतो. तापमान म्हणजे त्या धावपळीचं माप. बंध सैल करण्यात गेलेली उष्णता साठते खरी, पण थर्मामीटरला दिसत नाही. शिवाय पाण्याचा रेणू वजनाला हलका असल्यामुळं एका ग्रॅममध्ये असे रेणू खूप बसतात.

मग शिसं आणि सोनं एवढं जड असून त्यांना उष्णता एवढी कमी का पुरते?

याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. १८१९ मध्ये फ्रान्सच्या ड्यूलाँ आणि पेती या दोघांनी एक गंमत पाहिली. धातूंची विशिष्ट उष्माधारकता वेगवेगळी दिसते, पण तिला त्या धातूच्या अणुभारानं गुणलं की उत्तर जवळपास एकच येतं. करून बघा. ॲल्युमिनियम: ०.९० × २७ = २४.३. लोखंड: ०.४५ × ५५.८ = २५.१. तांबं: ०.३८५ × ६३.५ = २४.४. शिसं: ०.१३ × २०७ = २६.९.

म्हणजे उष्णता साठवताना प्रत्येक अणूचा वाटा जवळपास सारखा. शिशाचा अणू वजनदार, म्हणून एका ग्रॅममध्ये अणू कमी, म्हणून ग्रॅममागं उष्णता कमी. वेगळेपण अणूंच्या मोजणीत आहे. हिरा मात्र हा नियम पाळत नाही, नेहमीच्या तापमानाला त्याचं उत्तर सहाच्या आसपासच येतं. ते कोडं १९०७ मध्ये आइन्स्टाइन यांनी पुंजवादाच्या (क्वांटम सिद्धांताच्या) आधारे सोडवायला घेतलं.

बीडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, म्हणजे बीडाची विशिष्ट उष्माधारकता जास्त ना?

नाही. पालकांकडून सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला गैरसमज हाच. बीड म्हणजे ओतीव लोखंडच, आणि ग्रॅमला ग्रॅम लावला तर ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता साठवतं. बीडाचा तवा जिंकतो तो वजनावर. अडीच किलोचा बीडाचा तवा अंशामागं सव्वा अकराशे ज्यूल धरतो. सहाशे ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा तवा ५४० ज्यूल धरतो. त्यावर ओलसर भाकरी पडली, वरून पाण्याचा हात फिरवला, की ती तव्यातली उष्णता ओढून घेते. हलका तवा एकदम थंडावतो आणि भाकरी चिकटते, पापुद्रा सुटत नाही. जड तवा त्याच भाकरीला तेवढीच उष्णता देऊन निम्म्यानंच उतरतो.

याची दुसरी बाजूही आहे. जड तवा तापायलाही वेळ लागतो. म्हणून आमच्या आई पहिली भाकरी थापायच्या आधी तवा चुलीवर ठेवायच्या आणि मग पीठ मळायला बसायच्या.

मांडे भराभर का घडी घालावे लागतात? आणि पुरणाची पोळी वरून गार लागते, आत तोंड का भाजतं?

बेळगावचे मांडे करताना कधी जवळ उभे राहिलात तर बघा. करणाऱ्या बाई पोळी हातावर फिरवत फिरवत एवढी वाढवतात की पलीकडचं दिसावं, आणि ती तापलेल्या उपड्या खापरावर सोडतात. खापर जाड आणि जड, त्यात साठा भरपूर. पोळीचं वजन थोडं आणि पसारा मोठा. म्हणून ती क्षणात भाजते, आणि खापरावरून उचलली की तेवढ्याच क्षणात निवायला लागते. निवली की कडक होते. पिठीसाखर, तूप, खसखस पेरून घडी घालायला हातात थोडेच क्षण मिळतात. घडी घालायला उशीर झाला तर मांडा मोडतो.

पुरणपोळीत उलट. तव्यावरून उतरताना वरचा पापुद्रा आणि आतलं पुरण दोन्ही तापलेलंच असतं. पापुद्रा पातळ आणि कोरडा, निवून जातो. पुरणात पाण्याचा अंश जास्त, म्हणून ग्रॅममागं उष्णता जास्त, आणि वर पापुद्र्याचं पांघरूण. जिभेला खरी उष्णता तिथून मिळते.

तांब्याचा बंबच का चांगला? तांबं उष्णता जास्त साठवतं का?

तांबं साठवत नाही, वाहून नेतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षेतही त्या वेगळ्या लिहायच्या. उष्णता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं किती पटकन जाते, ती उष्णतेची वाहकता. तांब्याची वाहकता स्टेनलेस स्टीलच्या सुमारे २५ पट आहे.

हिशेब घालू. सहा किलोचा बंब, त्यात १५ लिटर पाणी, २० अंशांवरून ६० वर न्यायचं. पाण्याला लागतात १५ × ४.१८६ × ४०, म्हणजे सुमारे २,५०० किलोज्यूल. खुद्द तांब्याला ६ × ०.३८५ × ४०, म्हणजे ९२ किलोज्यूल. शंभरातले जेमतेम साडेतीन भाग भांड्यात अडकतात, बाकी सगळं पाण्यात. म्हणजे तांबं उष्णता कमी साठवतं, हाच इथं फायदा. विजेच्या भाषेत हे ०.७ युनिट झालं. लाकडाच्या भाषेत, सगळी उष्णता पाण्यात गेली असती तर पावशेराहूनही कमी वाळलेलं जळण पुरलं असतं. प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतं, कारण धुरावाटे आणि बंबाच्या अंगावरून उष्णता जात राहते.

माठातलं पाणी गार होतं ते मातीच्या उष्माधारकतेमुळं का?

नाही. इथं आपला गुणाकार लागू करायला गेलं की फसगत होते. खानापूरची माती चांगली, इथल्या माठांना सगळीकडं मागणी, पण गारवा मातीच्या साठवणुकीतून येत नाही. माठ झिरपतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. नेहमीच्या तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला २,४०० ज्यूलच्या वर लागतात. दहा लिटरच्या माठातलं शंभर ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी असं उडालं आणि सगळी उष्णता माठातूनच गेली, तर आतलं पाणी पावणेसहा अंशांनी उतरेल.

म्हणूनच माठाला बाहेरून ऑइल पेंट दिला की तो दिसतो छान, पण गार करत नाही. आणि म्हणूनच पावसाळ्यात, हवा दमट असताना, खानापुरात माठ असून नसल्यासारखा.

गुऱ्हाळात एवढं जळण कशाला लागतं? रस तापवायचाच तर आहे.

माझं बालपण निपाणीजवळच्या खेड्यात गेलं, गुऱ्हाळ घराच्या मागंच होतं. चुलवाणाच्या तोंडाशी जळव्या बसलेला असायचा. वाळलेली चिपाडं तो न थांबता आत सारायचा, आणि आम्हा पोरांना वाटायचं की हा उगीचच एवढं जाळतोय, काहील तर केव्हाची उकळतेय.

आता हिशेब कळतो. शंभर किलो रस २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे २८ हजार किलोज्यूल लागतात. रसाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याहून थोडी कमी, ३.७ च्या आसपास धरली आहे. पण शंभर किलो रसातून गूळ निघतो दहा-बारा किलो. बाकीचं ८५ किलोच्या आसपास पाणी वाफ करून उडवायचं असतं, आणि उकळत्या पाण्याच्या प्रत्येक ग्रॅमला वाफ व्हायला २,२६० ज्यूल लागतात. ते होतात १ लाख ९० हजार किलोज्यूल! तापवण्याच्या साडेसहा-सात पट. हा सगळा वेळ काहिलीतलं तापमान फारसं हलतही नाही. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. जळव्याचं बहुतेक जळण रस उकळल्यानंतर लागतं.

शेवटी पाणी संपत आलं की मात्र तापमान पटकन चढतं. म्हणून त्या घडीला गुळव्या काहिलीवरून नजर काढत नाही. बोटांत चिमूटभर पाक घेऊन, पाण्यात बुडवून गोळी होते का बघतो. गूळ उतरतो तो ११८ अंशांच्या आसपास. त्या पाकाचा थेंब पाण्याच्या थेंबाहून वाईट भाजतो: एक तर तापमान जास्त, आणि कातडीला चिकटून राहत असल्यामुळं तो सगळी उष्णता तिथंच रिकामी करतो. लहान पोरांना काहिलीजवळ फिरकू देऊ नका.

स्लॅबचं घर रात्रीही का तापलेलं असतं? पत्र्याचं लवकर गार होतं ते कसं?

चार इंची स्लॅबच्या एका चौरस मीटरचं वजन सुमारे २४० किलो. काँक्रीटची उष्माधारकता ०.८८, म्हणजे अंशामागं २११ किलोज्यूल. अर्धा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचा तेवढाच तुकडा चार किलोचा, त्याला अंशामागं १.८ किलोज्यूल. शंभर पटीहून जास्त फरक. पत्रा सकाळी नऊला तापतो, दिवसभर छळतो, आणि सूर्य मावळल्यावर घटकाभरात निवतो. स्लॅब दुपारपर्यंत गप्प असतो आणि मग उष्णता घेतच राहतो.

एप्रिल-मेमध्ये स्लॅब सकाळपेक्षा १५ अंशांनी तापला तर दहा बाय दहाच्या खोलीवर सुमारे ८ युनिट विजेएवढी उष्णता जमा होते. रात्री ती वर आकाशाकडं आणि खाली आपल्या अंथरुणाकडं अशी दोन्हीकडं सुटते. पंखा लावला तरी तो छताखालची तीच हवा फिरवतो.

जुनी माणसं घर बांधताना हे आकडे मांडत नव्हती, पण घर जागा बघून बांधायची. खानापूर-जांबोटीकडं पाऊस मुसळधार, तिथं उतरती कौलं आणि जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती. कौल वजनाला हलकं, फटींतून हवा खेळती. पूर्वेला अथणी-रायबागकडं ऊन कडक आणि पाऊस कमी, तिथं जाड भिंती आणि मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. जाड मातीतून उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर माणसं अंगणात बाजा टाकून बसलेली असतात. हल्ली दोन्हीकडं सरसकट एकच पातळ, उघडा स्लॅब पडतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. निदान वर पांढरा चुना तरी मारा. उष्णता साठण्याआधीच परत गेलेली बरी.

थंडीत विहिरीचं पाणी कोमट आणि उन्हाळ्यात गार कसं लागतं?

पाणी जवळपास तेच असतं, २४-२५ अंशांच्या आसपास. बदलतो तो आपला हात. वरची जमीन दिवसा तापते, रात्री निवते, पण माती-खडकाचं वजन अफाट आणि त्यातून उष्णता सरकते हळू. काही मीटर खाली ऋतूंचा चढउतार जवळजवळ पोचतच नाही. जानेवारीच्या पहाटे हवा १४ अंश असताना त्या पाण्यात हात घातला की कोमट लागतं, मे महिन्यात ३६ अंशांच्या उन्हातून येऊन घातला की गार. हाताला थर्मामीटर समजू नका.

द्राक्षबागांना कडाक्याच्या थंडीत रात्री पाणी देतात त्यामागंही हेच. ओली जमीन कोरडीपेक्षा जास्त उष्णता धरते आणि खालची उष्णता वरही लवकर आणते.

गोव्याला गेलो की दुपारी वाळूत पाय भाजतात, समुद्र गारच. ऊन तर दोघांवर सारखंच?

चोर्ला घाट उतरून गेलेल्या प्रत्येक पोराचा हा प्रश्न असतो. वाळूला ०.८ ज्यूल, पाण्याला ४.१८६, म्हणजे पाचपटीचा फरक. पण एवढंच सांगून थांबलं तर उत्तर अर्धवट राहतं. ऊन वाळूच्या वरच्या थरातच अडकतं, पाण्यात ते खोलवर जातं. लाटा पाणी ढवळत राहतात, आणि काही उष्णता बाष्पीभवनात जाते. या चारही कारणांनी जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्राकडून वारा येतो. ते दिवसाचे खारे वारे. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा वाहतो, ते मतलई वारे.

लोहाराकडं लालबुंद कोयता बादलीत बुडवतात, तरी बादलीतलं पाणी उकळत का नाही?

अर्धा किलोचा कोयता ८०० अंशांवरून खाली आला तर ०.४५ च्या हिशेबानं १७३ किलोज्यूल सोडतो. दहा लिटर पाणी त्यानं जेमतेम चार अंश तापेल. प्रत्यक्षात पाच-सहा धरा, कारण लोखंड तापलेलं असताना त्याची विशिष्ट उष्माधारकता वाढते. चर्रर्र आवाज येतो, वाफ उठते, ती फक्त कोयत्याला टेकलेल्या पाण्याची.

म्हणजे एकाच पदार्थाचा आकडा बदलतो?

हो. तापमानाप्रमाणं थोडा, आणि अवस्थेप्रमाणं बराच. पाण्याचा ४.१८६ असला तरी बर्फाचा २.१ आणि वाफेचा २ च्या आसपास. गणितात बर्फ, पाणी, वाफ आले की प्रत्येक टप्प्याला वेगळा आकडा घ्या, आणि वितळताना ग्रॅममागं लागणारे ३३४ ज्यूल विसरू नका. माझ्याकडं येणाऱ्या दहा चुकलेल्या उत्तरपत्रिकांपैकी निम्म्या इथंच चुकलेल्या असतात. उरलेल्या बहुतेकांनी ग्रॅम आणि किलोग्रॅम मिसळलेले असतात.

शेकायला पाण्याची पिशवी बरी की वाळूची पुरचुंडी?

लिटरभर पाणी ७० अंशांवरून ३७ वर येईतो १३८ किलोज्यूल देतं. किलोभर वाळू २६. पाणी जास्त वेळ पुरतं. वाळूचा फायदा एवढाच की ती तव्यावर कितीही तापवता येते, आणि धोकाही तोच. कापडाच्या दोन घड्या घातल्याशिवाय अंगाला लावू नका.

गोकाकचं पाणी एवढ्या उंचावरून पडतं. खाली पोचेपर्यंत ते तापतं का?

हा प्रश्न एका मुलीनं सहलीत, झुलत्या पुलावर उभं राहून विचारला, आणि मी तिथंच खडू नसताना मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हिशेब काढला. घटप्रभेचं पाणी गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली पडतं. एक किलो पाण्याला त्यातून ९.८ × ५२, म्हणजे ५१० ज्यूल ऊर्जा मिळते. खाली आदळून ती सगळी उष्णता झाली असं धरलं, तर ५१० भागिले ४१८६. उत्तर ०.१२ अंश.

तिचा चेहरा उतरला. एवढा गडगडाट, एवढे तुषार, आणि अंशाचा आठवा भाग! पण हा आकडा लहान आहे तो पाण्याच्या उष्माधारकतेमुळं. पाण्याच्या जागी शिसं पडलं असतं तर चार अंशांच्या आसपास तापलं असतं.

मग मी तिला जेम्स ज्यूल यांच्याबद्दल सांगितलं, ज्यांच्या नावावरून आपलं 'ज्यूल' हे माप आलं. १८४५ मध्ये त्यांनी नायगाराचा असाच हिशेब मांडला होता. तो धबधबा १६० फूट धरून, उत्तर आलं फॅरेनहाइटच्या एका अंशाचा पाचवा भाग, म्हणजे सेल्सिअसमध्ये ०.११. गोकाकची उंची जवळपास तेवढीच, म्हणून उत्तरही तेवढंच. १८४७ मध्ये लग्नानंतर आल्प्सच्या बाजूला गेलेले असताना त्यांनी विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) यांच्याबरोबर सलांशच्या धबधब्यावर हा फरक मोजायचा प्रयत्नही केला. पाणी वाटेतच तुषार होऊन फुटत होतं, मोजमाप जमलं नाही.

"मग आपण मोजूया की, बाई," ती म्हणाली. आमच्या पेटीतल्या थर्मामीटरवर एकेका अंशाच्या रेघा आहेत. दशांशापर्यंत दाखवणारा एक मागवायचा ठरलाय. वरचं पाणी पुलाच्या अलीकडून आणि खालचं तुषारांपासून लांब कुठून घ्यायचं, याचा नकाशा तिनं वहीत काढून ठेवलाय.